बिनतिकीट फाराकोरो

बामाको, ९ मार्च

केइताकाका,

घरचे बरे आहेत ना? सूनबाई, नातवंडं? तुमचे गुडघे? तांबाकुंडाचा उन्हाळा? आमच्याकडे सगळं ठीक आहे. खरं तर आपल्या दोन कुळांच्या एकमेकांना गुलाम म्हणायच्या रिवाजानं कुलिबालीनं केइताला पत्र लिहायचं तर सुरुवात ‘माझ्या पळपुट्या गुलामा’ अशी व्हायला हवी. पण आपल्यात सोळा वर्षं थट्टा झालेली नाही आणि एकट्यानं थट्टा करता येत नाही. म्हणून सध्या नुसतं काका.

मी तेने. फाराकोरोच्या झान कुलिबालीची धाकटी. तुमच्या तिकीटखिडकीखाली बसून रद्द तिकिटांच्या पाठीवर अक्षरं गिरवायची ती. मी वाचलेला पहिला शब्द ‘बामाको’. आता तिथंच राहते. घरातली पहिली पदवीधर झाले. आई सगळ्यांना सांगते, पोरगी मोठी परीक्षा पास झाली. कुठली ते तिला विचारू नये.

पत्राचं कारण असं. मी आपल्या रेल्वेमार्गावरच्या बंद पडलेल्या थांब्यांवर प्रबंध लिहिते आहे. विषय मी निवडला की फाराकोरोनं माझ्याकडून निवडून घेतला, माहीत नाही. रेल्वेच्या जुन्या कागदांत मला बंद करायच्या थांब्यांची यादी सापडली. त्यात लिहिलंय: फाराकोरो, वर्षभरातली तिकिटं दोनशे अकरा. खाली तुमची सही.

काका, मला आठवतं, मंगळवारी फलाटावर उभं राहायला जागा नसायची. मग दोनशे अकराच कशी? गावात अजून म्हणतात, केइतानं कंपनीला खोटा आकडा दिला आणि आम्हाला विकलं. कुणी म्हणतात, आम्ही खासदाराला मतं दिली नाहीत म्हणून शिक्षा झाली. मी दुसऱ्या कारणावर चाळीस पानं लिहिली आहेत. पण पहिल्याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणाकडे नाही.

आणखी एक. प्रवासी गाडी पुन्हा सुरू होणार आहे. कुठं थांबायचं हे ठरवायला समिती गावोगाव येणार आहे. फाराकोरोला २७ मेची तारीख मिळाली आहे. समितीच्या हातात तोच दोनशे अकराचा कागद असेल. या वेळी गाव यादीतून सुटलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून हे पत्र सांबाच्या ट्रकनं पाठवते.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. बाबा गेले तेव्हाही तुम्ही आला नाहीत.

तेने

फाराकोरो, २ एप्रिल

केइताकाका,

उत्तर नाही. हरकत नाही. मी लिहीत राहीन. माझ्या हातात कागद देण्याची चूक तुमचीच.

मी गावी आले आहे. म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती घेते. सुरुवात घरातूनच केली, न्येलेआत्यापासून. ती आता सत्तरीची आहे, पण आवाज अजून इंजिनाचा. जसं झालं तसं उतरवते.

“आत्या, तू कायेसच्या बाजाराला आठवड्यातून किती वेळा जायचीस?”

“दोनदा. मंगळवारी कांदे, शनिवारी लोणी.”

“तेव्हा तिकीट केवढ्याला होतं?”

“कशाचं?”

“गाडीचं.”

“मला काय माहीत? ज्यांनी घेतलं त्यांना विचार.”

“म्हणजे तू घेतच नव्हतीस?”

“अगं, खिडकीत कोण बसलेला? केइता! माझा गुलाम! मालकिणीनं गुलामाकडून तिकीट घ्यायचं? तो म्हणायचा, ‘न्येले, चवळी खाऊन पोट एवढं फुगलंय, दोन तिकिटं काढ.’ मी म्हणायचे, ‘तुझ्या आज्याला मी चवळीच्या एका शेंगेत विकत घेतला, गाडी त्याच्याबरोबर फुकट आली.’ झालं. तो हसायचा आणि शिट्टी वाजवायचा.”

“आणि गाडीत तपासनीस?”

“त्याला केइता फलाटावरूनच ओरडून सांगायचा, ‘चढू द्या रे, माझे मालक आहेत, नाहीतर मला भांडी घासायला लावतील!’ तपासनीस चार आंबे घ्यायचा आणि पुढं जायचा.”

शेजारच्या तिघी हसून लोळल्या. मीही हसत होते. हसता हसता माझा हात थांबला.

त्यानंतर पाच दिवस मी घरोघर हिंडले. सत्त्याहत्तर जणांची नावं लिहिली, बायका आणि पुरुष. कोण कुठल्या वारी जायचं, काय घेऊन, कुठल्या डब्यात, सगळं त्यांना पाठ आहे. आठवड्याला दीडशेच्या वर माणसं चढत होती. तिकिटं चार. ती चार काढणारे कोण, तेही कळलं: शाळेचे मास्तर, दवाखान्यातली परिचारिका आणि फुला जमातीचे गुराखी. म्हणजे गावात ज्यांचं तुमच्याशी थट्टेचं नातं नव्हतं ते. बाकी सगळं गाव कुलिबाली.

तुम्ही खोटा आकडा दिला नव्हता. खरा दिला होता.

मी बामाकोला प्रबंधाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, “राजकारणाचं प्रकरण छान जमलंय, ते बिघडवू नकोस. तिकिटांचं तळटीपेत टाक.” मी म्हटलं, “सर, अख्खं गाव तळटीपेत कसं मावेल?” त्यांनी फोन ठेवला.

इथून कायेसला जायचं तर आता ट्रकनं पूर्ण दिवस जातो, तोही कोरड्या दिवसांत. मागच्या वर्षी मास्तरांची सून ट्रकमध्येच बाळंत झाली. मूल वाचलं. रुळांच्या कडेला राहून हे.

तुम्ही रोज संध्याकाळी आकडा भरताना काय विचार करत होता, एवढं मला सांगाल का?

तेने

फाराकोरो, २१ एप्रिल

केइताकाका,

सांबाकडून तुमचा तोंडी निरोप पोचला. “झानला जे म्हणायचं होतं ते तो म्हणाला. मी गुन्हेगार. गुन्हेगाराची साक्ष कशाला हवी?” सांबानं तो तुमच्याच आवाजात म्हणून दाखवला. मग म्हणाला, “बाई, मी मिरच्या वाहतो, भांडणं वाहत नाही.”

तो दिवस मलाही आठवतो. मी नऊ वर्षांची होते, बाबांच्या हाताला धरून उभी. तुम्ही नोटीस भिंतीला चिकटवली. बाबांना वाटलं, ही तुमची आणखी एक थट्टा. तुम्ही वाचून दाखवलीत. तेव्हा बाबा म्हणाले, “तू आम्हाला विकलंस.” हसले नाहीत. कुलिबालीनं केइताला काहीही म्हणावं, चोर, भिकारी, गाढव. पण हसल्याशिवाय म्हणू नये. तुम्ही शिट्टी खिडकीत ठेवलीत आणि त्याच गाडीनं गेलात. त्यानंतर ती गाडी काही वर्षं आमच्यासमोरून न थांबता पळत राहिली, मग तीही बंद झाली.

मी परवा गावाच्या बैठकीत सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आपल्याला कुणी विकलं नाही, थांबा आपणच बुडवला. तिकिटं काढली असती तर कागदावर दिसलो असतो.

मला वाटलं होतं, खरं कळलं की लोकांना हलकं वाटेल. पुस्तकांत तसं असतं.

न्येलेआत्या उठली. “म्हणजे मी चोर? सत्तर वर्षं मी या गावात राहिले ते आज भाचीकडून चोर म्हणवून घ्यायला?”

“आत्या, मी तसं म्हटलं नाही.”

“मग कसं म्हटलंस? फ्रेंचमधून सांग, म्हणजे मला कळणार नाही आणि लागणारही नाही!”

गावप्रमुख म्हणाले, “पोरीला शाळेत घातलं ते गावाची बाजू लिहायला. ही गावावरच खटला भरतेय.” त्या दिवशी आई माझ्याबरोबर एका ताटात जेवली नाही.

पण एक गोष्ट मी तिथं सांगू शकले नाही, कारण कुणी ऐकेना. दोन थांबे पुढं सांतिगिला आहे. यादीतल्या त्याच पानावर त्यांची तिकिटं एकशे नव्वद. आपल्यापेक्षा कमी! तरी सांतिगिला बंद झालं नाही. खासदाराची सासुरवाडी. म्हणजे आम्ही कारण हातात दिलं, पण ते कुणाला लावायचं हे वरच्यांनी ठरवलं. दोन्ही खरं आहे. यातलं एकच सांगणं सोपं जातं आणि दोन्ही सांगितलं की दोन्हीकडचे चिडतात.

दुसऱ्या दिवशी गावप्रमुख स्वतः आले. म्हणाले, “समितीला बायकांच्या आठवणी चालतील?” मी म्हटलं, “नाही. म्हणतील, थांबा हवा म्हणून बोलतात.” “मग काय चालेल?” “स्टेशनमास्तरची साक्ष.” ते उठले. जाताना म्हणाले, “मग त्या केइताला लिही.”

म्हणून लिहिते. तिकडे तुम्ही निवृत्त रेल्वेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष आहात, हात स्वच्छ म्हणून निवडून आलेले, हे मला माहीत आहे. चोवीस वर्षं माणसं बिनतिकीट जाऊ दिली असं लिहून दिलंत तर तिथं काय होईल, तेही कळतं. तरी मागते आहे. खरं सांगा, एवढंच.

तेने

फाराकोरो, ६ मे

काका,

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी. अक्षर अजून तसंच, नोटिशीवर असायचं तसं.

“तू खरं मागतेस. मग तूही सांग. झान गेल्याचं मला कुणी कळवलं? मला चार महिन्यांनी एका मालगाडीच्या चालकानं सांगितलं. केइता बोलावूनही आला नाही असं गाव म्हणतं, हेही त्यानंच सांगितलं.”

मी पहिल्या पत्रात तुम्हाला त्यावरून दोष दिला होता. तेव्हाही मला खरं माहीत होतं. कारण ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

बाबा गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. चुलत्यांनी तुमचा नंबर असलेली जुनी चिठ्ठी दिली आणि मला टेलिफोनच्या दुकानात पाठवलं, कारण घरात आकडे वाचता येणारी मीच. मी तिथं गेले. आत दोन माणसं होती. ती बाहेर आली. मग तिसरा माणूस गेला, आला. मी आत गेले नाही. परत येऊन म्हटलं, “कळवलं. येतो म्हणाले नाहीत.”

मला राग होता. तुम्ही मला वाचायला शिकवलंत आणि निरोप न घेता गेलात, याचा. बाबांचा राग नव्हता तो, माझा होता. मी त्याला बाबांचं नाव दिलं.

सगळ्यांनी वाट पाहिली. तुम्हाला सांगायला नको, कुलिबालीच्या मयताला केइता आला नाही तर ते मयत नुसतं रडण्याचं होतं. मेलेल्याची टोपी घालून, त्याची चाल चालून, त्याच्या बायकोला हसवणारा कुणीतरी लागतो. आईनं बाबांची टोपी धुऊन ठेवली होती. तीन दिवस ती अंगणाच्या दाराकडे बघत होती. सातव्या दिवशी तिनं टोपी पेटीत ठेवली.

आणि आणखी. शेवटच्या आठवड्यात बाबा मला म्हणाले होते, “मी गेलो की तो येईल. जिवंतपणी त्याला तोंड दाखवायची मला लाज वाटते.” हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला पुन्हा टेलिफोनच्या दुकानात जावं लागलं असतं.

काल आईला सगळं सांगितलं. ती भुईमूग सोलत होती. म्हणाली, “आठ वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या.” मग सोलत राहिली. नंतर एकदाच म्हणाली, “लिही त्याला. सगळं लिही. काही गाळू नकोस.”

गाळलेलं नाही.

साक्षीचं मी आता मागत नाही. मागायचा मला अधिकार उरला नाही. गावाला आहे, पण तो गावानं मागावा.

तेने

फाराकोरो, ३० मे

काका,

तुम्ही आलात आणि त्याच संध्याकाळी गेलात. संघटनेच्या लोकांना मीच आधी सांगतो, दुसऱ्याकडून कळायला नको, असं म्हणालात. पोचलात का? त्यांनी काय म्हटलं?

त्या दिवसाचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही होतातच. पण काही गोष्टी तुमच्या पाठीमागं घडल्या, तेवढ्या लिहिते. मी त्या माझ्या वहीतही उतरवल्या आहेत.

तुम्ही सांबाच्या ट्रकमधून उतरून समितीच्या मांडवाकडे न जाता आमच्या अंगणात शिरलात, तेव्हा आईनं पेटी उघडली. तुम्ही टोपी घातलीत, डावा पाय ओढत फिरलात आणि ओरडलात, “बाई, माझं जेवण कुठं आहे? मेलो म्हणून आठ वर्षं उपाशी ठेवणार?” तेव्हा तुम्हाला आईचा चेहरा दिसला. माझा दिसला नाही, ते बरं झालं. आईनं चप्पल फेकली ती तुम्हाला लागली नाही, चुलत्यांना लागली. ते अजून सांगत फिरतात.

मांडवात समितीच्या दियाराबाईंनी दोनशे अकराचा कागद वर धरला आणि विचारलं, “यावर तुमची सही आहे?” तुम्ही म्हणालात, “आहे. आकडा खरा आहे. चोवीस वर्षं मी एकाही कुलिबालीला तिकीट विकलं नाही. नियम मला पाठ होता. मी तो मोडला. थांबा माझ्यामुळं गेला.” तुम्ही खाली बघत होता, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल, न्येलेआत्या तुमच्या आधीपासूनच उभी होती. “बस खाली, गुलामा!” हे ती ओरडली ते तुम्ही ऐकलंत. “मालकांनी केलेलं स्वतःच्या नावावर लावतोस? एवढा माज? तिकीट काढायचं नाही हे आम्ही ठरवलं, तू नाही!” मग एकेक बाई उठत गेली. “मीही नाही काढलं!” “मीही!” पुरुष जरा उशिरा उठले.

दियाराबाईंच्या शेजारचा कारकून प्रत्येकीचं नाव लिहून घेत होता, हे तुम्ही पाहिलंत का? त्यानं एकशे तीन नावं लिहिली. मला सत्त्याहत्तरच मिळाली होती.

तुम्ही गेल्यावर बाई मला म्हणाल्या, “माझ्या कचेरीत एक त्राओरे आहे. मी दियारा, म्हणजे थट्टेत त्याची गुलाम, म्हणून तो दहा वर्षं मला साहेब म्हणत नाही. मला हे सगळं कळतं. पण मुली, कळणं म्हणजे मंजुरी नव्हे. मी पाहिलं ते लिहीन.”

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी भांडणार. ‘थांबा माझ्यामुळं गेला’ हे वाक्य मी प्रबंधात तुमची साक्ष म्हणून घेतलं आहे, निष्कर्ष म्हणून नाही. माझ्या निष्कर्षात गाव आहे, तुम्ही आहात, सांतिगिला आहे, खासदार आहे आणि ज्यांनी माणसं न मोजता तिकिटं मोजली ते आहेत. सर म्हणतात, एवढ्या कारणांचं प्रकरण वाचवत नाही. मी त्यांना सांगितलं, प्रकरण पुन्हा लिहीन, कारणं कमी करणार नाही.

माझं टेलिफोनच्या दुकानाचं प्रबंधात नाही. ते गावात सांगितलं आहे. लोक अजून माझ्याशी जपून बोलतात. बोलू देत.

तेने

फाराकोरो, १८ जून

काका,

निकाल आला. गाडी फाराकोरोला थांबेल. आठवड्यातून एकदा, मंगळवारी, दोन मिनिटं, तीन महिन्यांपुरती. दर फेरीला निदान साठ तिकिटं खपली पाहिजेत. नाही खपली तर पुन्हा बंद, आणि मग समिती येणार नाही.

आता प्रश्न पडला तिकिटं कोण विकणार. त्यावर दोन बैठका झाल्या. केइता चालणार नाही हे सगळ्यांनीच कबूल केलं. कुणी म्हणालं त्राओरे आणा, कुणी म्हणालं कोने. पण आम्हा चवळीखाऊ कुलिबालींची थट्टा सगळाच देश करतो. बाहेरून येईल तो दोन दिवसांत आमचा गुलाम होईल आणि आम्ही पुन्हा फुकट चढू. शेवटी मास्तर म्हणाले, “कुलिबालीला तिकीट कुलिबालीच विकू शकतो. घरच्या घरात कुणी थट्टा करत नाही.” सगळ्यांनी न्येलेआत्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी चार दिवस तिला रंग शिकवले: कायेसचं निळं, बामाकोचं पिवळं.

काल पहिली गाडी थांबली. आत्या पहाटेपासून खिडकीत होती. गावप्रमुखांनी नुसता हात वर केला आणि पुढं निघाले. ती म्हणाली, “परत या. तिकीट.” ते म्हणाले, “अगं, मी!” ती म्हणाली, “दिसतंय. निळं की पिवळं?” त्यांनी निळं घेतलं. त्यांना कुठंच जायचं नव्हतं, पण साठाचा आकडा भरायला हवा म्हणून ते सांतिगिलापर्यंत गेले आणि चालत परत आले. पंचाऐंशी तिकिटं खपली. आईनं कायेसचं घेतलं. तिनं आयुष्यात काढलेलं पहिलं. गाडीत तपासनिसानं मागितलं तर दाखवलं, पण टोचू दिलं नाही. तो शेवटी वैतागून पुढं गेला.

तुमच्या संघटनेनं तुम्हाला अध्यक्षपदावरून काढलं हे सांबाकडून कळलं. तुम्ही लिहिलं नाहीत. मला वाईट वाटलं, आणि साक्ष मीच मागितली होती हे मी विसरणार नाही.

आता वेळ मोकळा असेल तर मंगळवारी या. तांबाकुंडाहून कायेसपर्यंत ट्रक, तिथून गाडी. आई जेवायला थांबेल. आत्यानं निरोप दिला आहे, शब्द तिचेच: “केइताला सांग, तिकीट काढून ये. आणि परतीचंही काढ, म्हणजे आमची दोन होतील.”

तुमची मालकीण,
तेने